नमुना आणण्याआधी हे वाचा : गोठ्यातल्या जंतूंचा माग कसा लागतो

"दुधाच्या रिपोर्टमध्ये ई-कोलाय जंतू आलाय, आता म्हैस कोणती ते सांगा." गोठेवाले आणि डेअरीवाले आमच्या प्रयोगशाळेत हे नेहमी विचारतात. कॅनमधल्या एका बाटलीवरून ते सांगता येत नाही. त्यात सगळ्या म्हशींचं दूध, भांडी धुतलेलं पाणी आणि दूध काढणाऱ्याचे हात एकत्र आलेले असतात.

साधा ई-कोलाय गुरांच्या आतड्यात असतोच. धोका आहे तो विष तयार करणाऱ्या जातींचा. त्यातली ओ-१५७ ही जात १९८२ साली अमेरिकेत कच्च्या राहिलेल्या हॅम्बर्गरमुळे पहिल्यांदा लक्षात आली. तिकडे तिचा माग मांसाच्या गुरांच्या फार्मवर काढतात. आपल्याकडे गुरं दुधाची, पण जंतू येतो शेणातूनच. जनावर धडधाकट दिसतं आणि कच्च्या दुधातून तो पोटात गेला तर लहान मुलांच्या किडनीवर बेततं. दूध उकळलं की तो मरतो.

आता मुख्य चूक. एप्रिल-मे महिन्यात रावेर-यावलहून थंड पेयाच्या जुन्या बाटलीत दूध येतं, तेही गाडीच्या डिक्कीतून, बर्फाशिवाय. उबेत हा जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत एकाचे पाचशेच्या वर! मग रिपोर्टमध्ये गोठा दिसत नाही, डिक्की दिसते. असा नमुना आम्ही परत पाठवतो. राग येतो, आम्हाला कळतं, पण चुकीच्या रिपोर्टवर चांगली म्हैस विकली गेली तर ते नुकसान तपासणीच्या खर्चाहून कितीतरी मोठं असतं.

माग काढायचा तर नमुने वेगवेगळे हवेत. पाण्याच्या हौदाचा नमुना तळाचा गाळ ढवळून घ्या, जंतू तिथेच टिकून राहतो. कृपा करून आदल्या दिवशी हौद घासू नका. शेण जमिनीवरचं नको, हातमोजा घालून थेट जनावराचं घ्या आणि बाटलीवर कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहा. दुधासाठी सड पुसून पहिल्या धारा टाकून द्या.

"इतक्या नमुन्यांचे पैसे?" खर्च वाचावा म्हणून पाच-पाच जनावरांचं शेण आम्ही आधी एकत्र तपासतो. ज्या गटात जंतू सापडेल, तेवढाच पुढे एकेक करून पाहतो. जंतू वाढवायच्या खास थाळीत साध्या ई-कोलायचे ठिपके गुलाबी होतात, ओ-१५७ चे बिनरंगी राहतात. त्या बिनरंगी ठिपक्यांची पुन्हा खात्री करावी लागते, म्हणून तीन-चार दिवस लागतात. जनावर रोज जंतू टाकतंच असं नाही, तेव्हा एकदा रिपोर्ट साफ आला तरी काही आठवड्यांनी पुन्हा तपासा.

निर्जंतुक बाटल्या, हातमोजे आणि बर्फाचा डबा आमच्याकडून आदल्या दिवशी घेऊन जा, त्याचे पैसे लागत नाहीत. गोठा मोठा असेल तर आमचा माणूस पहाटेच्या धारेला येईल, फक्त दोन दिवस आधी कळवा.