स्टेडियमच्या आधीचे ग्राउंड: मराठवाड्यातील क्रीडा संकुलांच्या नूतनीकरणाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातील कोणत्याही जिल्ह्याच्या गावी स्टेडियमच्या नूतनीकरणाची बातमी आली की तिची सुरुवात निधीच्या आकड्याने होते. त्यामागोमाग सिंथेटिक ट्रॅक, प्रेक्षक गॅलरी, विद्युतझोत आणि जलतरण तलाव यांची वर्णने येतात. त्या जागेवर रोज पाय ठेवणारी माणसे मात्र तिला स्टेडियम म्हणत नाहीत आणि संकुल तर मुळीच म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी आजही ‘ग्राउंड’ हाच शब्द आहे. कागदावरचे नाव आणि बोलण्यातले नाव यांत पडलेले हे अंतर समजून घेतल्याशिवाय नूतनीकरणाने आसपासच्या वस्तीचे काय भले झाले आणि काय हातचे गेले, हे सांगता येत नाही.

निजामी राजवटीत मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद असे पाच जिल्हे होते. खेळाला मिळणारा राजाश्रय हैदराबाद शहरात एकवटलेला होता. मोइनुद्दौला सुवर्णचषकासारखी नामांकित क्रिकेट स्पर्धा 1930 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली, तीही राजधानीतच. मराठी मुलखाच्या वाट्याला आखीव मैदाने फारशी आली नाहीत, पण म्हणून येथे खेळ नव्हता असे नाही. सुगी उरकल्यावर मोकळी झालेली रानं, नदीकाठची वाळू, वेशीजवळचा तालमीचा हौद आणि जत्रेतला कुस्त्यांचा फड ही येथील क्रीडांगणे होती. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही कुस्त्यांची दंगल भरते आणि तिला जमणारी गर्दी पाहिली की तिकिटाविना, भिंतीविना खेळ पाहण्याची सवय येथे किती खोल रुजली आहे ते कळते. शहरांतही तेच होते. छत्रपती संभाजीनगरचे आमखास मैदान आपल्या नावात मुघल दरबाराची आठवण बाळगून आहे आणि तेथे फुटबॉलही होत आला आहे, सभाही होत आल्या आहेत. मैदान म्हणजे सर्वांची मोकळी जागा, हा समज असा पिढ्यान्‌पिढ्या तयार झाला.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. पुढे 1981 मध्ये जालना, 1982 मध्ये लातूर आणि 1999 मध्ये हिंगोली हे नवे जिल्हे झाले. जिल्हा झाला की कचेरी, न्यायालय, पोलिसांचे कवायत मैदान आणि आज ना उद्या स्टेडियम, हा क्रम ठरून गेलेला होता, पण त्या क्रमात स्टेडियम नेहमी शेवटी राहिले. 1983 मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीपासून अनुशेषाची, म्हणजे विकासात राहून गेलेल्या तुटीची, जी चर्चा या विभागात चालू आहे, तिच्या अग्रभागी सिंचन, रस्ते, वीज आणि शिक्षण राहिले, आणि तहानलेल्या मुलखात ते स्वाभाविकही होते. मैदानाचा अनुशेष मात्र कोणी मनावर घेतला नाही. 1994 हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षाच्या आरंभी पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यांच्यासाठी बालेवाडीचे भव्य संकुल उभे राहिले आणि त्याच वर्षी मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले. एकीकडे राज्याच्या खेळाला नवे केंद्र मिळत होते आणि दुसरीकडे मागासलेपणाची मोजदाद करायची यंत्रणा उभी राहत होती.

तोवर जिल्ह्याच्या गावांत जी स्टेडियम उभी राहिली, त्यांची घडण साधारण सारखीच होती. गावाच्या मध्यावरची एक मोठी जागा, एका अंगाला पत्र्याचे किंवा स्लॅबचे पॅव्हेलियन, बाकीच्या बाजूंना सिमेंटच्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांच्या पोटात, रस्त्याकडे तोंड करून, दुकानांचे गाळे. नांदेडमध्ये श्री गुरुगोविंदसिंघजी स्टेडियमचा परिसर हा दुकानांचा पत्ता म्हणून शहरभर सांगितला जातो, इतकी ही रचना अंगवळणी पडली आहे. गाळ्यांच्या भाड्यातून मैदानाची देखभाल व्हावी, हा त्यामागचा विचार चांगला होता. प्रत्यक्षात भाडेकरार जुने होत गेले, दर वाढले नाहीत, जे भाडे आले ते स्थानिक संस्थेच्या सर्वसाधारण खर्चात मिसळले, आणि पायऱ्यांना तडे गेले तरी ते भरायला पैसा नाही, अशी अवस्था अनेक ठिकाणी आली. स्टेडियम बाहेरून बाजारपेठ आणि आतून ओसाड, हे चित्र माझ्या पिढीने लहानपणापासून पाहिले आहे.

2001 च्या राज्य क्रीडा धोरणाने विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तीन पातळ्यांवर क्रीडा संकुले उभारण्याची चौकट घातली. संभाजीनगरात गारखेडा भागात विभागीय संकुल झाले, जिल्ह्याच्या गावी जुन्या स्टेडियमच्या जागी किंवा शेजारी जिल्हा संकुले आली आणि तालुक्यांतही जागांचा शोध सुरू झाला. अनुदानाची मर्यादा दीर्घकाळ तालुक्याला 1 कोटी, जिल्ह्याला 8 कोटी आणि विभागाला 24 कोटी रुपये अशी होती. अलीकडे ती अनुक्रमे 5, 25 आणि 50 कोटींपर्यंत वाढवण्यात आली. सध्याची नूतनीकरणाची लाट या वाढीतून आली आहे, म्हणून तिचे श्रेय किंवा अपश्रेय एखाद्या गावाच्या पुढाऱ्यालाच देणे बरोबर होणार नाही. माझ्या मते या चौकटीत एक उणीव पहिल्यापासून राहिली. बांधण्यासाठी पैसा शासनाचा, पण चालवण्यासाठी संकुलाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही अपेक्षा तिच्यात आहे. ज्या गावात लग्नसराई सोडली तर सभागृह भाड्याने घेणारे कोणी नाही, त्या गावात ही अपेक्षा शेवटी खेळाडूच्या आणि फिरायला येणाऱ्याच्या खिशाकडे वळते.

पैशापेक्षाही अवघड असलेली गोष्ट म्हणजे जमीन आणि पाणी. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर थेट ट्रॅक टाकला तर दोन पावसाळ्यांत तो लाटांसारखा वरखाली होतो. म्हणून आधी ती माती खोलवर उकरून काढावी लागते, मुरूम भरून पाणी मारत रोलरने दाबावा लागतो, कडेने चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते आणि मग खडी, डांबर व सर्वांत वर सुमारे 13 मिलिमीटरचा सिंथेटिक थर येतो. 400 मीटरच्या आठ लेनचा असा ट्रॅक साधारण आठ-दहा वर्षांत पुन्हा पृष्ठभाग मागतो. उद्‌घाटनाच्या दिवशी हे सगळे जमिनीखाली दडलेले असते. निकृष्ट काम झाले असेल तर ते पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसऱ्या-चौथ्या लेनमध्ये साचलेल्या डबक्यात दिसते. हीच काळी माती क्रिकेटच्या खेळपट्टीला मात्र हवी असते, आणि तरीही येथील मुले वर्षानुवर्षे मुरमावर मॅट अंथरून खेळली, कारण खेळपट्टी आणि तिच्याभोवतीचे गवत जगवायला रोज पाणी लागते.

पाण्याचा प्रश्न 2016 मध्ये जेवढा उघडा पडला, तेवढा पूर्वी कधी पडला नव्हता. लातूरमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून निघालेली पहिली जलदूत रेल्वे 5 लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्यास सांगितले. मुंबई-पुण्याच्या हिरवळीला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब तेव्हा लातूरच्या घागरीशी जोडला गेला. पावसाळ्यात सरासरी 680 मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी, पाऊस होणाऱ्या या विभागात मैदानावर हिरवळ आखताना पाणी कोठून येणार, छतावरचे पाणी कोठे साठणार, शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरता येईल का, याची उत्तरे आराखड्यातच असली पाहिजेत. कूपनलिका आणि टँकर यांच्या भरवशावर लावलेले गवत मार्चमध्ये पिवळे पडते आणि मेमध्ये त्याची माती होते, हे कोणत्याही माळ्याला विचारावे.

आता या मैदानांवर येते कोण, ते पाहू. पहाटे पाचच्या सुमारास जिल्ह्याच्या स्टेडियमवर जी गर्दी दिसते, ती पदकांसाठी सराव करणाऱ्यांची थोडी आणि भरतीची तयारी करणाऱ्यांची फार असते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते, शिवाय 100 मीटर धावणे आणि गोळाफेक असते, एकूण 50 गुण. 400 मीटरच्या ट्रॅकवर मुलांच्या चार फेऱ्या आणि मुलींच्या दोन, म्हणजे या मैदानाचे आणि त्या परीक्षेचे माप एकच आहे. या चाचणीलाच ही मुले ‘ग्राउंड’ म्हणतात. ‘माझं ग्राउंड बेचाळीस गेलं’ असे एक जण दुसऱ्याला सांगतो तेव्हा त्या एका शब्दात जागाही असते आणि नशीबही असते. खेड्यांतून आलेल्या मुली तिघी-चौघींत एक खोली भाड्याने घेऊन राहतात. फक्कीने आखलेल्या रेषेवर त्या उभ्या राहतात, एकीच्या हातात मोबाइलवर घड्याळ चालू असते, आणि शेवटच्या फेरीत दुसरीचा श्वास तुटायला लागला की तिसरी कडेने तिच्यासोबत धावते. कोरडवाहू दोन-तीन एकरांच्या घरात ही नोकरी म्हणजे काय असते, ते येथे वेगळे सांगायला नको.

जे नावारूपाला आले, ते बहुतेक अशाच अपुऱ्या जागांवरून निघाले. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर स्टीपलचेसकडे, म्हणजे 3000 मीटरच्या अडथळा शर्यतीकडे, वळला आणि 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवून पुढच्याच वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकला. पाटोद्याचा राहुल आवारे मातीतल्या कुस्तीतून वर आला आणि 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. बीडच्या सचिन धसने 2024 च्या युवा विश्वचषक उपांत्य सामन्यात, भारताचे चार गडी 32 धावांत बाद झाल्यावर येऊन, 96 धावा केल्या. नांदेडच्या भाग्यश्री जाधव पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्‌घाटनात भारताच्या ध्वजवाहक होत्या. या यादीचा अभिमान आहेच, पण तिचा उपयोग ‘सोयी नसल्या तरी पोरे चमकतात’ असे म्हणण्यासाठी होऊ लागला की मला अस्वस्थ वाटते. जे पुढे आले त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत, आणि घोट्याची एक दुखापत होऊन, उपचाराविना, खडकाळ मैदानावरून परत घरी गेलेल्यांची नोंद कोठेही झालेली नाही.

म्हणूनच नूतनीकरण नको, असे कोणी समजू नये. माझ्या ओळखीच्या एका जिल्हा स्टेडियमचे काम पूर्ण झाल्यावर मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आणि पाणी असलेले स्वच्छतागृह पहिल्यांदा झाले, आणि त्यानंतर संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबणाऱ्या मुलींची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. दिव्यांच्या चार खांबांनी तेथे जे केले, ते भाषणांनी कधी झाले नव्हते. पण त्याच कामात चारही बाजूंनी उंच भिंत आली, सहा वाटांची एक वाट झाली आणि फाटकावर शुल्काचा फलक लागला. पलीकडच्या वस्तीतली जी मुले शाळा सुटल्यावर प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळायला येत, ती आधी भिंतीवरून उड्या मारून आली आणि मग यायची थांबली. फाटकाबाहेर पहाटे मोडाची मटकी आणि दुधीचा रस विकणाऱ्या एका आजींना ‘सुशोभीकरणात’ जागा उरली नाही. पायऱ्यांवर सकाळभर स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसणारे तरुण उठवले गेले, कारण त्या पायऱ्या आता ‘प्रेक्षक गॅलरी’ झाल्या होत्या. बॅडमिंटन हॉलला ‘पे अँड प्ले’ पद्धत लागू झाली आणि तासाचे पैसे भरू शकणारी नवी मंडळी आली. त्यांचे येणे चांगलेच आहे. त्यांच्या पैशातून ट्रॅकवरच्या गरीब मुलांचे शुल्क माफ करता आले असते, पण तसा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता.

विभागाच्या पातळीवर अशीच एक खंत आहे. संभाजीनगरला क्रीडा विद्यापीठ होईल, असे जाहीर झाले होते. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा झाला तो पुण्याच्या बालेवाडीसाठी. संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे आणि त्याचा लाभ होतोच, तरी हातातोंडाशी आलेला घास गेल्याची भावना येथील प्रशिक्षकांच्या बोलण्यात अजून येते. स्टेडियमच्या नव्या इमारतींकडे लोक आशेने आणि थोड्या संशयाने पाहतात, त्यामागे हाही अनुभव आहे.

मी वर सांगितलेल्या त्या स्टेडियमचे काम रेंगाळले, तेव्हा भरतीची मुले दोन हिवाळे बायपास रस्त्यावर धावली. कोणीतरी मोजपट्टी लावून कडेला पांढऱ्या रंगाने 0, 400, 800, 1200, 1600 असे आकडे काढले होते आणि मालमोटारींच्या उजेडात ती त्या आकड्यांवर वेळ लावत. पालकांनी आणि माजी खेळाडूंनी तगादा लावल्यावर पहाटे पाच ते सात ही वेळ त्यांच्यासाठी विनाशुल्क ठेवण्यात आली आणि बरीचशी मुले आत परतली. शुल्काच्या फलकावर या सवलतीची ओळ अजून लिहिलेली नाही, ती तोंडीच चालते. रखवालदार बदलला की चार दिवस फाटक बंद राहते, आणि त्या चार दिवसांत बायपासवरचे ते आकडे पुन्हा वापरात येतात.