ताण आणि ॲसिडिटी: वादाची पार्श्वभूमी

काळजीने पित्त होते, हे आपल्याकडे नवे नाही. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांनी क्रोध, शोक, भय यांना तिखट-आंबटाच्याच पंगतीला बसवले आहे. आधुनिक वैद्यकही बराच काळ असेच मानत होते: ताण वाढला की जठरात आम्ल जास्त सुटते.

हा हिशेब बिघडला तो अल्सरमुळे. 1982 मध्ये जठरातला जिवाणू सापडला, बहुतेक अल्सरमागे संसर्ग असतो हे पुढे सिद्ध झाले आणि ताणाचे नाव मागे पडले. 1988 मध्ये आम्लनिर्मितीच रोखणारे ओमेप्राझोल बाजारात आले. जिवाणूचा शोध रिफ्लक्सला, म्हणजे जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर येण्याच्या तक्रारीला, लागू नव्हता, तरी पोटाच्या तक्रारीत मन कशाला आणायचे, ही वृत्ती तिथेही रुजली. माझ्या मते खरे नुकसान इथे झाले.

कारण 1993 मध्येच वेगळे चित्र दिसले होते. रिफ्लक्सच्या रुग्णांना ताण येईल अशी कामे दिली, तेव्हा जळजळ वाढल्याचे त्यांनी सांगितले. अन्ननलिकेतले आम्ल मात्र वाढले नव्हते. 2007 मध्ये आढळले की झोप अपुरी झालेल्या रुग्णांना चाचणीत अन्ननलिकेत सोडलेले आम्ल लवकर आणि जास्त झोंबते. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. त्याच वर्षी उंदरांवरील प्रयोगात तीव्र ताणामुळे अन्ननलिकेच्या अस्तरातल्या पेशींमधील फटी रुंदावलेल्या दिसल्या. म्हणजे हे नुसते मनाचे खेळ नव्हेत.

मोठा वाद 2016 चा. पचनाच्या तक्रारींच्या निदानाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी रुग्णांचा एक गट रिफ्लक्सच्या आजारातून बाहेर काढला. या लोकांच्या एंडोस्कोपीत जखम नसते, नाकातून नळी घालून केलेल्या तपासणीत आम्लही मर्यादेत असते, पण थोडेसे वर आले की नेमकी तेव्हाच जळजळ होते. 2006 च्या निकषांत ते रिफ्लक्सचेच रुग्ण होते. आता ‘अतिसंवेदनशीलता’ म्हणून मेंदू-आतडे संबंधांच्या विकारांत गेले. आक्षेप असा की आम्ल खरोखर वर येते, अनेकांना ॲसिडच्या गोळीने आराम पडतो, मग त्यांना वेगळे का काढायचे? आक्षेपात तथ्य आहे. तरी निर्णय मला योग्यच वाटतो, कारण त्यामुळे डोस वाढवत नेण्याऐवजी झोप, पोटाने घ्यायचा श्वास आणि मज्जातंतूंची संवेदना कमी करणारी औषधे उपचारात आली. 2018 मध्ये आकडेही ठरले: दिवसातला 4 टक्क्यांहून कमी वेळ अन्ननलिकेत आम्ल असणे सामान्य, 6 टक्क्यांच्या वर आजार, मधले धूसर.

निफाड-दिंडोरीत द्राक्षतोडणीच्या तोंडावर अवकाळीची धास्ती असते. त्या दिवसांत जळजळ वाढली तर मेडिकलमधून पँटोप्राझोल या ॲसिडच्या गोळीची पट्टी येते, पुढे महिनोन्‌महिने चालूच राहते. झोप लागते का, हे कोणी विचारत नाही. मात्र घास अडकत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाला काळी होत असेल तर ताणावर न ढकलता आधी एंडोस्कोपी करावी. आणि चालताना, जिना चढताना छातीत जळजळत असेल तर प्रथम ईसीजी.