व्हिएतनाममधून बसने कंबोडियाला जाऊन परत यायचंय? ई-व्हिसाचा अर्ज असा भरा

मुंबईहून विमानाने हो ची मिन्ह सिटी, तिथून बसने नोम पेन्ह, सिएम रीपला अंगकोरची मंदिरं आणि परतीचं विमान पुन्हा हो ची मिन्हहूनच, असा बेत पुष्कळ जण आखतात. बेत चांगला आहे, पण सगळ्यात जास्त माणसं अडकतात तीही यातच. कारण एकच: व्हिएतनामचा सिंगल एंट्री व्हिसा. कंबोडियात जाताना व्हिएतनामचा बाहेर पडल्याचा शिक्का बसला की तो व्हिसा संपला, मग त्यावर कितीही दिवस शिल्लक असोत. परत यायचं असेल तर पहिल्यापासून मल्टिपल एंट्रीच मागा. सिंगलची फी 25 डॉलर, मल्टिपलची 50. पंचवीस डॉलर वाचवायला गेलात तर नोम पेन्हमध्ये बसून नवा अर्ज भरावा लागतो, तो मंजूर होईपर्यंत हॉटेलचं भाडं भरावं लागतं, आणि परतीचं विमान हुकतं ते वेगळंच.

15 ऑगस्ट 2023 पासून व्हिएतनाम सगळ्या देशांच्या नागरिकांना 90 दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतो. भारतीय पासपोर्ट असला की अर्ज करता येतो. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी आणि शिक्क्यांसाठी कोरी पानं हवीत. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' आहे ना ते पाहा. तशाच तोंडवळ्याची खासगी संकेतस्थळं त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

कागद दोनच लागतात: तुमचा फोटो आणि पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा फोटो. तुमचा फोटो समोरून काढलेला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, चष्म्याशिवाय हवा. पासपोर्टच्या पानाच्या बाबतीत मात्र घाई नको. खालच्या दोन ओळी, बाणासारखी चिन्हं असलेल्या, पूर्ण आणि स्पष्ट दिसल्या पाहिजेत. ट्यूबलाइटखाली फोटो काढला की लॅमिनेशनवर चमक येते, नेमकी ती पासपोर्ट क्रमांकावर पडते आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून काढा.

नाव भरताना त्याच दोन ओळींकडे बघा. तिथे आधी आडनाव, मग दोन बाण, मग स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. आपल्याकडे मधलं नाव कधी लिहितात, कधी गाळतात. इथे गाळायचं नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर अर्जही माहेरच्याच नावाने, आणि तिकीटसुद्धा. पासपोर्ट क्रमांकात सुरुवातीला इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडे असतात, त्यामुळे आकड्यांच्या भागात गोल दिसेल ते शून्यच, 'ओ' नव्हे.

यानंतर अर्जात प्रवेशाचं आणि बाहेर पडण्याचं ठिकाण निवडायचं असतं. विमानाने उतरणार असाल तर प्रवेशासाठी हो ची मिन्हचा तान सोन न्हात विमानतळ निवडा, परतीचं विमानही तिथूनच असेल तर बाहेर पडण्यासाठीही तोच. मधली ये-जा ई-व्हिसा चालणाऱ्या नाक्यांवरूनच करा. कंबोडियाला लागून असलेल्या सीमेवर व्हिएतनामचे मोक बाई, सा मात, तिन्ह बिएन, हा तिएन हे रस्त्याचे नाके त्यात येतात. नोम पेन्हची बस बहुधा मोक बाईवरूनच जाते. बस ठरवताना नाक्याचं नाव विचारून घ्या.

तारखेचा हिशेब नीट समजून घ्या. मुदत व्हिसावर छापलेल्या पहिल्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पोहोचलात तेव्हापासून नव्हे. आणि त्या तारखेच्या आधी पाऊल ठेवता येत नाही. विमान रात्री 11:40 ला उतरत असेल आणि व्हिसा दुसऱ्या दिवसापासूनचा असेल तर इमिग्रेशनच्या खिडकीवर अडवतात. एक दिवस आधीची तारीख टाका.

पैसे कार्डाने भरायचे. आपल्या बँका नव्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंदच ठेवून देतात, ते आधी बँकेच्या ॲपमधून चालू करा. फी परत मिळत नाही. नोंदणी क्रमांक लिहून ठेवा, कारण निकाल तो क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख टाकूनच बघता येतो. सरकारी मुदत कामकाजाचे तीन दिवस अशी आहे, पण शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत आणि तेत या नववर्षाच्या सुट्टीत कामच थांबतं. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवावेत. व्हिसा आला की एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून बघा. चूक असेल तर नाक्यावर समजावून सांगता येत नाही, नवा अर्जच करावा लागतो.

कंबोडियाचा ई-व्हिसा त्या मानाने सोपा: 30 दिवसांचा मुक्काम, एकच प्रवेश. मोक बाईसमोरचा बावेत हा नाका त्याला चालतो. प्रिंटआउट दोन काढा, एक आत जाताना लागते, एक बाहेर पडताना. नाक्यावरही व्हिसा मिळतो, त्याची फी 30 डॉलर. बसचा माणूस पासपोर्ट गोळा करून 'सगळं करून देतो' म्हणतो तेव्हा वरचे पैसे त्याचे असतात. डॉलरच्या नोटा कोऱ्या, न फाटलेल्या न्या. पेनाची रेघ असलेली नोटसुद्धा तिकडे नाकारतात.

मोक बाईला सामानासकट खाली उतरावं लागतं. व्हिसाची प्रिंटआउट पासपोर्टच्या आत घडी करून ठेवा. परतताना शिक्का मिळाला की खिडकीसमोरून हलायच्या आधी तारीख वाचा. मागच्या माणसाने घाई केली तरी.

थायलंडहून रस्त्याने कंबोडियात शिरायचा बेत मात्र सध्या आखू नका. सीमावादामुळे जून 2025 पासून तिकडचे रस्त्याचे नाके बंद झाले. निघण्याआधी ताजी स्थिती बघा आणि तोवर बँकॉक-सिएम रीप बसचं तिकीट काढू नका.