जुना ट्रक घेतलात? गाडी आमच्याकडे पोहोचेपर्यंत इंजिन फिरवू नका

टाटा-मर्सिडीज-बेंझचा नाकवाला ट्रक, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेला डॉज किंवा फार्गो, हिंदुस्थान मोटर्सचा बेडफर्ड अशा गाड्या हौसेने विकत घेऊन त्या मूळ रूपात उभ्या करून घेण्यासाठी ग्राहक कोल्हापुरातील आमच्या गॅरेजमध्ये येतात. त्यांतील बहुतेकांना ट्रकची चांगली जाण असते. काहींच्या घरी पूर्वी मालवाहतुकीचा व्यवसाय होता. तरीही जवळजवळ प्रत्येक जण फोनवर एकच प्रश्न विचारतो: ‘इंजिन चालू होते का, तेवढे बघतो आणि मग गाडी आणतो, चालेल ना?’ आमचे उत्तर नेहमी एकच असते, की कृपया तसे करू नये. त्याची कारणे दर वेळी फोनवर पुरेशी सांगता येत नाहीत, म्हणून हे माहितीपत्रक.

कित्येक वर्षे शेतात किंवा गोदामाच्या मागे उभा असलेला ट्रक विकताना विकणारा सहसा म्हणतो, की बॅटरी नाही म्हणून गाडी बंद आहे, टोचन लावले की लगेच चालू होईल. मग ट्रॅक्टर बोलावला जातो, साखळी लावली जाते, गिअर टाकून क्लच सोडला जातो आणि इतकी वर्षे न हललेले इंजिन एकदम पूर्ण जोराने फिरवले जाते. त्या पहिल्या काही फेऱ्यांत होणारे नुकसान भरून काढण्यात आमचे आणि तुमचे काही महिने जाऊ शकतात.

हेड गॅस्केटमधून किंवा सायलेन्सरच्या वाटेने एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी उतरलेले असेल, तर ते पाणी दाबले जात नाही; पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरलेल्या असतील, तर त्या तुटून लायनरवर ओरखडे पडतात. व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असेल, तर पुशरॉड वाकतो. बेअरिंगमधले ऑइल तर केव्हाच निथळून गेलेले असते, त्यामुळे ऑइलचा दाब तयार होण्याआधीच क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, कोरड्या बेअरिंगवर घासला जातो. क्रँक ग्राइंडिंग करून घेणे कोल्हापुरात अवघड नाही, उद्यमनगरात ते काम उत्तम होते. परंतु या वयाचा क्रँक आधीच दोन-तीनदा ग्राइंड झालेला असण्याची शक्यता असते, आणि शेवटच्या मापावर पोहोचलेल्या क्रँकवर नवा ओरखडा पडला, तर दुसरा क्रँक शोधत बसण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपात असतो. पंपात राहिलेले डिझेल वर्षानुवर्षांनी वाळलेल्या डिंकासारखे घट्ट होते आणि किती डिझेल सोडायचे ते ठरवणारी पंपातली दांडी, म्हणजे रॅक, आहे त्या जागी चिकटून बसते. ती पूर्ण डिझेल सोडण्याच्या स्थितीत चिकटलेली असेल आणि इंजिनाने दुर्दैवाने पेट घेतलाच, तर इंजिनाचा वेग आपोआप वाढत जातो. अशा वेळी स्टॉपची तार ओढून काहीही होत नाही, कारण ती तार त्याच अडकलेल्या रॅकला ओढत असते. ज्या पंपांना हवेच्या दाबावर चालणारा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग, असतो, त्यांच्यात चामड्याचा एक पडदा असतो. तो वाळून फाटलेला असला, तरीही परिणाम हाच. तेव्हा हवेची वाट बंद करणे एवढाच उपाय उरतो, आणि शेतात टोचन लावून उभ्या असलेल्या माणसांच्या हाताशी त्याची काहीच तयारी नसते. यात इंजिन फुटू शकते आणि माणसांनाही इजा होऊ शकते.

गाडी आमच्याकडे आल्यावर पहिले चार-पाच दिवस काहीच काम झालेले दिसत नाही, अशी तक्रार काही ग्राहक करतात, म्हणून त्या दिवसांत काय चालते तेही सांगतो. प्रथम चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, बोल्ट सैल करून आधी पाणी येते की ऑइल, ते पाहिले जाते. पाणी जड असल्याने तळाशी बसते आणि तेच आधी बाहेर येते. नंतर डिझेल फवारणारे सर्व नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचे मिश्रण थोडे थोडे सोडले जाते आणि ते रिंगांत मुरू दिले जाते. या मुरण्यालाच दिवस लागतात आणि तेथे घाई करून चालत नाही. त्यानंतर टॅपेट कव्हर उघडून, पुढच्या बोल्टला पाना लावून हाताने इंजिन हळूहळू फिरवले जाते आणि प्रत्येक व्हॉल्व्ह वर-खाली होतो की नाही हे पाहिले जाते. पंपाच्या बाजूचे झाकण काढून रॅक बोटाने सहज सरकते याची खात्री झाल्याशिवाय आम्ही इंजिनाला डिझेल जोडत नाही. जुन्या टाटा-मर्सिडीजच्या ओएम ३१२ इंजिनाला हीटर प्लग असतात. त्यांची वायर कुजलेली असेल, तर कितीही स्टार्टर मारला तरी थंड इंजिन धड पेट घेत नाही, म्हणून तेही याच वेळी तपासले जातात. प्रत्यक्ष चालू करताना एक माणूस हवेच्या तोंडापाशी लाकडी फळी घेऊन उभा असतो. या तपासणीचे आम्ही वेगळे शुल्क घेतो आणि ती होईपर्यंत खर्चाचा पक्का अंदाज देत नाही. न उघडलेल्या इंजिनाचा आकडा सांगून पुढे तो वाढवत नेणे आम्हांला योग्य वाटत नाही.

गाडी घेण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत, हे बहुतेकांना ठाऊक असते. आमची विनंती एवढीच, की चेसिसवरील नंबर नुसता डोळ्यांनी न वाचता त्यावर कागद ठेवून पेन्सिलने उतरवून घ्यावा आणि आरसी बुकाशी अक्षरशः ताडून पाहावा. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डायमलर-बेंझ यांचा करार १९५४ साली सुरू होऊन १९६९ साली संपला, त्यामुळे नाकावर तीन टोकांचा तारा दिसला की गाडी त्या काळातली, असे अनेक जण धरून चालतात. परंतु बोनेट आणि जाळ्या या गाडीवरून त्या गाडीवर सर्रास गेलेल्या आहेत, तेव्हा वर्ष ठरवायचे ते नंबरावरून आणि कागदांवरून. इंजिन बदललेले असेल, तर त्याची नोंद परिवहन कार्यालयात झालेली आहे का, तेही पाहावे.

ट्रकला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळेल का, असेही विचारले जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेली ती तरतूद पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहे. मालवाहू ट्रक तीत बसत नाही. गाडी रस्त्यावर आणायची असेल, तर मालवाहू वाहन म्हणूनच तिला फिटनेस मिळवावे लागते, आणि म्हणून ब्रेक, स्टीअरिंग, किंगपिन आणि पाटे यांच्या कामात आम्ही काटकसर करू देत नाही. रंग आणि लाकडी हौद्याचे काम त्यानंतर. हौद्याखाली, जेथे यू-बोल्ट चेसिसला आवळलेले असतात, तेथे ओल साठून गंज आत शिरलेला असतो आणि हौदा उतरवल्याशिवाय तो दिसत नाही. आधीच नवा रंग देऊन आणलेल्या गाडीचा रंगाचा खर्च वाया जातो.

गाडी आणण्यासाठी आमच्याकडे लो-बेड ट्रेलरची सोय आहे. चाके जाम असली तरी ब्रेक ड्रम सोडवून गाडी वर घेता येते, म्हणून चाके फिरत नाहीत या कारणासाठी टोचन लावू नये. ट्रेलरचे भाडे अंतरानुसार आकारले जाते आणि पुढचे काम आमच्याकडे करायचे ठरल्यास तपासणीचे शुल्क अंतिम बिलातून वजा केले जाते. फोन करण्यापूर्वी आरसी बुक, पेन्सिलने उतरवलेला चेसिस नंबर, पंपाची पाटी आणि एअर क्लीनर काढलेला असल्यास त्या उघड्या तोंडाचा फोटो पाठवावा. ते तोंड उघडे असेल, तर त्याच दिवशी त्यावर स्वच्छ फडके आणि प्लॅस्टिक घट्ट बांधून ठेवावे.