नागली पण ठेवा, आंबा पण लावा

नर्सरीत रोज कोणीतरी विचारतंच, की झाडं लावली तर नागली (नाचणी) पेरायची कुठे, म्हणून हे पान छापलंय. जव्हार-विक्रमगडकडे बहुतेकांची एक-दोन एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, पावसाळ्यात नागली-वरई आणि दिवाळी झाली की अख्खं घर वीटभट्टीवर. हे थांबवायचं तर पीक आणि झाड दोन्ही एकाच शेतात पाहिजे. ही वाडी पद्धत बाएफ संस्थेने १९८२ ला दक्षिण गुजरातच्या वांसदा भागात सुरू केली आणि मग आपल्याकडे आली.

केसर आंब्याची कलमं १० बाय १० मीटरवर लावली तर एकरात ४० बसतात, मधल्या जागेत पहिली काही वर्षं नागली, उडीद, भाजी सगळं निघतं. आंब्याचा पैसा दिसायला चार-पाच वर्षं जातात हे आधीच सांगतो, तोपर्यंत मोहोर आला तरी खुडून टाका, जीवावर येतं पण झाड आधी वाढू द्या. पाण्याची सोय असेल तर मधे मोगरा घ्याच, भल्या पहाटे कळ्या मिटलेल्या असतानाच खुडायच्या, माल दादरच्या फुलबाजारात जातो आणि ऐन उन्हाळ्यात गावात बसून रोकड हातात येते.

बांधावर शेवगा लावा, वर्षभरात शेंगा. गिरिपुष्पाच्या फांद्या खोचल्या की कुंपण तयार, पाला कापून कलमाच्या आळ्यात टाकला की नत्र मिळतं, खताचा खर्च वाचतो. बांबू पण चांगला, २०१७ ला कायदा बदलला तेव्हापासून शेतातल्या बांबूला झाड धरत नाहीत. सागाचं तसं नाही, तोडायला फॉरेस्टची परवानगी लागते, म्हणून लावल्यावर तलाठ्याकडे सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. आणि बांधापासून थोडं आत लावा, शेजाऱ्याशी वाद नको.

थोड्या वर्षांत लाखो मिळवून देतो असं सांगून महागडी रोपं आम्ही विकत नाही, विकणारही नाही.

खड्डे मेमध्येच खणून उन्हात तापू द्या, लागवड पहिला चांगला पाऊस झाल्यावर. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, जोडाखालून फुटलेला गावठी फुटवा लगेच काढा, नाहीतर तोच वाढतो आणि केसर मरतं. रोपं न्यायला येताना टेम्पोत उभी राहतील एवढी जागा ठेवा, आडवी रचली तर जोड हलतो.