डिपस्टिक गेली, स्कॅनर आला

परवा भावाच्या ऑटोमॅटिक गाडीनं साकीनाक्याला ऐन ट्रॅफिकमध्ये नाटक सुरू केलं, डी (ड्राईव्ह, पुढे जायचा गिअर) टाकला की दोन सेकंद काहीच नाही आणि मग धाडकन धक्का देऊन पुढे. सर्व्हिस सेंटरवाल्याने स्कॅनर लावला, पी ०७०० हा बिघाडाचा कोड दाखवला आणि म्हणाला गिअरबॉक्स बदला. आता पी ०७०० चा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनच्या कॉम्प्युटरकडे तक्रार केलीय. तक्रार नेमकी काय ते दुसऱ्या कोडमध्ये असतं, तो गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून वाचावा लागतो, आणि तो कोणी वाचलाच नव्हता.

हे असं का होतं याला मोठी हिस्टरी आहे. जनरल मोटर्सने १९३९ साली १९४० च्या ओल्ड्समोबाईलसाठी हायड्रामॅटिक काढला, मोठ्या संख्येनं बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. (तीच जीएम तेव्हा आपल्या शिवडीत १९२८ पासून गाड्या जोडत होती!) त्यातलं तेलातून ताकद पुढे देणारं कपलिंग मुळात जहाजांसाठीचं, जर्मन इंजिनिअर फ्योटिंगरचं, १९०५ चं पेटंट. पुढे युद्धात हाच हायड्रामॅटिक अमेरिकन रणगाड्यांत बसला, आणि १९४८ ला ब्यूकने टॉर्क कन्व्हर्टरवाला (तेलातूनच पण जोर वाढवून पुढे देणारा) डायनाफ्लो आणला.

त्या काळात दुखणं ओळखायचं म्हणजे नाक, डोळे आणि प्रेशर गेज. डिपस्टिक, म्हणजे गिअरबॉक्समधलं तेल मोजायची पट्टी, काढायची, पांढऱ्या कागदावर थेंब टाकायचा. लाल, पारदर्शक असेल तर ठीक, काळपट आणि करपल्याचा वास म्हणजे क्लच प्लेटा जळल्या, गुलाबी दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलं. मग स्टॉल टेस्ट: ब्रेक गच्च दाबून डी मध्ये पूर्ण रेस, पाचेक सेकंदांच्या वर नाही, आरपीएम हवा त्यापेक्षा वर गेला की आत काहीतरी घसरतंय, खूपच खाली राहिला तर इंजिन कमजोर किंवा कन्व्हर्टर खराब. आणि शेवटी गेज लावून लाईन प्रेशर, म्हणजे आतल्या तेलाचा दाब. एवढं सगळं करूनच गिअरबॉक्स उतरवायचा. सांगितलं तर खोटं वाटेल पण त्या तेलात तेव्हा स्पर्म व्हेलचं तेल मिसळायचे, सत्तरच्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि कंपन्यांना नवीन फॉर्म्युले शोधत बसावं लागलं.

आपल्याकडे यातलं फारसं काही आलंच नाही. मुंबईचा मेकॅनिक शिकला कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीवर, स्टीअरिंगजवळच्या दांडीनं गिअर टाकायचे, क्लच प्लेट गेली की दुपारपर्यंत बदलून गाडी स्टँडवर. ऑटोमॅटिक म्हणजे साहेबलोकांची गाडी. नव्वदच्या दशकात झेनसारख्या गाड्या ऑटोमॅटिकमध्ये आल्या पण किती जणांनी घेतल्या? खरी गर्दी झाली २०१४ ला सेलेरिओ एएमटी आल्यावर. आणि तोपर्यंत जगात बऱ्याच गिअरबॉक्सची डिपस्टिकच गायब झाली होती, सीलबंद खोकं, ‘आयुष्यभराचं ऑईल’. (कोणाचं आयुष्य, ते मात्र सांगत नाहीत.) अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचा बिघाड ओळखून स्कॅनरला कोड द्यायची पद्धत) सक्तीचं झालं, आपल्याकडे २०१३ ला. म्हणजे तिथल्या मेकॅनिकच्या दोन पिढ्या आधी तेलाचा वास घेत शिकल्या आणि मग स्कॅनर हातात आला, आपल्या बहुतेक पोरांच्या हातात आधी स्कॅनरच आला, मधली पायरीच नाही.

वर आपण सगळ्यालाच ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम अ‍ॅक्चुएटर नावाचं यंत्र करतं, तिथे तेलाचा रंग बघून काय करणार, तिथे क्लच किती झिजला ते बघायचं आणि नवा टाकल्यावर स्कॅनरने त्याला परत शिकवायचं. सीव्हीटीत ठराविक गिअरांऐवजी बेल्ट आणि पुली, ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच, त्यात ड्राय क्लच (तेलात न बुडलेला) असेल तर ट्रॅफिकमध्ये सरपटून सरपटून तापतो. आणि पावसाळा तर विचारूच नका, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हाच्या बुडालेल्या गाड्या आठवा, गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) पाणी आत जाऊ शकतं, मग तेच गुलाबी दूध.

तर भावाची गाडी शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. स्कॅनर त्याच्याकडेही होता. त्याने आतला कोड काढला, पी ०७३०, म्हणजे गिअर रेशो जुळत नाही, काहीतरी घसरतंय. मग गाडी लिफ्टवर चालूच ठेवून, स्कॅनरवर तेलाचं टेंपरेचर बघत, तेलाची लेव्हल बघायचा नट उघडला. एक थेंब पडला नाही, म्हणजे तेल कमी. बोट आत घालून वास घेतला, म्हणाला, "जळलं नाय अजून, नशीब." मग टॉर्च मारला तर कूलरच्या पाईपचा जॉईंट ओला. नवीन वॉशर टाकला, दीड लिटर तेल आत गेलं, आणि डी टाकल्याबरोबर गाडी निमूट पुढे सरकली.