मूकपटातली माणसं तुरुतुरु का पळतात?

जुना मूकपट लावला की घरातलं शेंबडं पोरही खिदळायला लागतं. वरात असो की अंत्ययात्रा, पडद्यावरचे सगळे गाडी चुकत असल्यासारखे पळत असतात. मग कोणीतरी जाणकाराच्या थाटात सांगतं, "तेव्हाचे कॅमेरेच तसले." हा आरोप बहुतेक वेळा खोटा असतो. घोळ नंतरचा आहे.

त्या काळचा कॅमेरा हाताने चालायचा. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ म्हणजे एक आटोपशीर लाकडी पेटी आणि तिला एक हँडल. हँडलच्या एका फेऱ्यात ८ चित्रं टिपली जात. सेकंदाला दोन फेरे मारायचे, म्हणजे झाली १६. आतली युक्ती लुई ल्युमिएरला शिलाई मशीनवरून सुचली होती. दोन दाते फिल्मच्या कडेच्या भोकांत शिरतात, फिल्म एका चित्राइतकी खाली ओढतात आणि बाहेर येतात. पुन्हा शिरेपर्यंत फिल्म स्थिर असते, तेवढ्यात तिच्यावर प्रकाश पडतो. हीच पेटी चित्रं पडद्यावर दाखवायलाही चालायची; ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात भारतातला पहिला खेळ झाला तो याच यंत्रावर.

१६ हा आकडा मात्र कुठे कायद्यात लिहिलेला नव्हता. कॅमेरामन मनातल्या मनात एखादी चाल गुणगुणत हँडल फिरवायचा. वेग माणसागणिक बदलायचा, आणि पुढे १९२०च्या दशकात तो एकूणच वाढत गेला. थिएटरवाल्याचा हिशेब आणखी निराळा. दिवसात एक खेळ जास्त बसवायचा तर प्रोजेक्टर जरा दामटायचा! शिवाय फिल्म नायट्रेटची, म्हणजे अतिज्वालाग्राही. तापलेल्या दिव्यापुढे ती रेंगाळली तर पेटायचीच भीती, त्यामुळे हळू चालवण्यापेक्षा जोरात चालवलेली बरी.

सेकंदाला १६ चित्रं हलती दिसायला पुरतात. स्थिर चित्रांच्या मालिकेतून मेंदू हालचाल जुळवतो, त्याला एवढं भांडवल बास होतं. पण पडदा लुकलुकतो. फिल्म सरकत असताना पडद्यावर अंधार करावाच लागतो, नाहीतर चित्र फराटल्यासारखं दिसेल. सेकंदाला १६ वेळा असा उजेड-अंधार झाला तर डोळे दुखायला लागतात. त्यावर तोडगा निघाला तो तीन पात्यांच्या शटरचा, म्हणजे उजेड अडवणाऱ्या फिरत्या झडपेचा. तेच एक चित्र तीनदा दाखवायचं. चित्रं १६च, उजेडाचे झोत मात्र ४८, आणि लुकलुक जवळजवळ नाहीशी. मला तर त्या काळातली सगळ्यात हुशार युक्ती हीच वाटते.

हँडल हातात असण्याची खरी गंमत दादासाहेब फाळक्यांनी ओळखली होती. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला. चित्रपटाला पैसा हवा होता आणि पैसेवाल्याला खात्री पटवायची होती. त्यांनी काय केलं, तर वाटाण्याचं रोप कॅमेऱ्यापुढे ठेवलं आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. दिवसेंदिवस चाललेली वाढ पडद्यावर पाहता पाहता उलगडली. पैसे मिळाले, आणि ३ मे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' कोरोनेशन थिएटरात लागला. कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. ती भोकं अंधारात बसून पाडायचं काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. त्या भोकांतलं अंतर जरा चुकलं असतं तर दाते अडकले असते आणि चित्र पडद्यावर नाचलं असतं.

मग बोलपट आला आणि ही मोकळीक संपली. वेग थोडा मागेपुढे झाला तर डोळा चालवून घेतो, कान घेत नाही. आवाज लगेच चिरका होतो, नाहीतर घोगरा. म्हणून मोटार लावून वेग सेकंदाला २४ चित्रं असा पक्का बांधला गेला. पुढे जुने मूकपट याच प्रोजेक्टरवर चढले. १६ने टिपलेलं २४ने दाखवलं की तासाभराचा चित्रपट ४० मिनिटांत उरकतो, आणि राजा हरिश्चंद्रही लगबगीने स्मशानात पोचतो. काही ठिकाणी दर दुसरं चित्र दोनदा छापून वेळ जुळवली गेली. त्याने घाई गेली, पण चालीत गचके आले.

इंटरनेटवर असा पळणारा मूकपट सापडला तर प्लेअरचा वेग ०.७५ करून बघा. २४चे १८ होतात, आणि बऱ्याच चित्रपटांना ते ठीक बसतं. अंदाज घ्यायला नटांकडे बघू नका, ते अभिनय करत असतात. सांडणारं पाणी, पडणारी टोपी, उडणारी धूळ बघा. फक्त पोलिसांच्या पाठलागाच्या अमेरिकन विनोदी चित्रपटांना हा उपाय करू नका. तिथे कॅमेरामनने हँडल मुद्दाम हळू फिरवलेलं असायचं, म्हणजे पडद्यावर सगळे पळताना दिसावेत.